गोष्टीतला पंपवाला

चला, माझ्याबरोबर थोडी कल्पना करा. नाहूरला एक सात मजली इमारत आहे. आधी तिथे चाळ होती. चाळीतलीच माणसं वर राहायला गेली: कोणी कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची मुलंनातवंडं, कोणी बीड-जालन्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं. इमारतीच्या मागे पंपाची खोली, आणि खोलीसमोर जमिनीखाली पाण्याची टाकी. टाकीवर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. हे कुलूप मात्र दोन वर्षांपूर्वी लागलं. त्याआधी ते नव्हतं.

आता त्या झाकणाला लांबून वळसा घालून जाणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवीतली, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. तिचं नाव मनाली. कुलूप नव्हतं तेव्हा तिला एक भाऊ होता, आकाश. पाच वर्षांचा. सकाळच्या शाळेतून मनाली घरी आली तेव्हा अंगणात ही गर्दी होती, आणि पंप चालवणारे, पंपाच्याच खोलीत राहणारे धोंडूकाका ओल्या कपड्यांनी जमिनीवर बसले होते. त्यांनीच त्याला बाहेर काढलं होतं.

झाकण कोणी उघडं टाकलं, हे कधीच कळलं नाही. पोलीस आले, चौकशी झाली. धोंडूकाका म्हणाले, मी लावलं होतं. त्याच आठवड्यात टाकी साफ करायला माणसं येऊन गेली होती. ती माणसं म्हणाली, आम्हीही लावलं होतं. शेवटी कागदावर अपघात असं लिहिलं गेलं.

मनालीच्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. बाबा डंपरवर ड्रायव्हर, आठवडाआठवडा बाहेर. आई, जया, मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायची. त्या दिवशी ती घरी होती. आकाश पायात पायात येत होता, पोळ्या करू देत नव्हता, म्हणून तिनेच त्याला सांगितलं होतं, जा रे, खाली खेळ जरा. हे मनालीला ठाऊक होतं. आई ते कधी बोलली नव्हती, पण तेव्हापासून ती पोळ्या उभ्याने करायची आणि दाराकडे पाठ करायची नाही.

अशा गप्प घरातली मुलं काय करतात? मनाली वाचायला लागली.

आवारातच एका कोपऱ्यात छोटं विहार होतं. तिथल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शिवदासकाकांकडे असे. ते महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले होते आणि मुलांना वाचायला लावण्याची त्यांना खोडच होती. कपाट वाचून संपवल्यावर मनाली एक दिवस त्यांना म्हणाली, "काका, एक सांगा. लेखक व्हायला आधी मरावं लागतं का?"

"हे कोणी सांगितलं तुला?"

"धड्यावर लेखकाचं नाव असतं ना, त्याच्या खाली कंसात दोन सालं असतात. जन्माचं आणि गेल्याचं. बहुतेक सगळ्यांचीच."

काका खूप हसले. पण पुढच्या वेळी मुलुंडच्या लायब्ररीतून येताना ते एक नवंकोरं पुस्तक घेऊन आले. कथासंग्रह होता. पाठीमागे एका बाईचा फोटो: डोळ्यांना चष्मा, मागे गॅलरीत वाळत घातलेले कपडे. खाली नाव, श्रुतिका नेवरेकर. कंसात एकच साल, मग एक आडवी रेघ आणि पुढे काहीच नाही.

"ही जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे काय! बोरिवलीला राहते."

"मग ती आता, या मिनिटाला काय करत असेल?"

"भांडी घासत असेल," काका म्हणाले. "अगं, गेलेल्यांचं वाचावंच. पण आपल्याबरोबर जी माणसं जगतायत, त्यांना काय दिसतंय तेही बघायला नको? आपल्या वेळचं कोणी तरी लिहितच असतं. शोधावं लागतं एवढंच."

मनालीने ते पुस्तक भूक लागल्यासारखं वाचलं. त्यात मॉल होते, ओटीपी होते, बंद पडलेली लिफ्ट होती, नवऱ्याशी व्हॉट्सॲपवर भांडणारी बाई होती. पुस्तकात अशा गोष्टी येऊ शकतात हेच तिला नवीन होतं. आणि मग चौथी कथा आली. 'टाकी भरेपर्यंत'.

ती एका पंपवाल्याची कथा होती. तो स्वतःच सांगत होता. पाणी किती चढलं ते बघायला मी झाकण उघडलं. तेवढ्यात गावाहून फोन आला. रेंज नव्हती म्हणून मी गेटपर्यंत गेलो. परत आलो तेव्हा पाण्यावर एक लहान चप्पल तरंगत होती.

मनालीने पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं. घरात ज्याचा शब्दही निघत नव्हता ते इथे छापलेलं होतं. आकाशची चप्पलही तशीच सापडली होती.

तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, आईने हे ऐकायला हवं. ऐकलं तर ती रडेल, आणि रडली की बोलेल. बस, एवढंच. यात कोणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनातही नव्हतं.

त्या विहारात एक रीत होती. रविवारी वंदना झाली की एका मुलाने उभं राहून काहीतरी वाचून दाखवायचं. इमारतीतले सगळेच येऊन बसत, कोकणातलेही. भाषणं वाचली जात, चरित्रं वाचली जात. सगळ्यात जास्त वाचली जात ती आत्मकथनं. आपली भूक, आपली शाळा, आपल्याला नाकारलेलं पाणी, हे सगळं ज्यांनी स्वतः भोगून लिहिलं त्यांची पुस्तकं. म्हातारी माणसं ऐकता ऐकता मान हलवत आणि म्हणत, असंच होतं, असंच होतं. त्या जागी उभं राहून आजवर जे जे कोणी 'मी' म्हणून वाचलं होतं, ते त्या 'मी'ने खरोखर सोसलेलं होतं. तिथे कथा अशी कधी वाचलीच गेली नव्हती.

"कुठली वाचू?" मनालीने विचारलं.

"तुला आवडेल ती वाच," शिवदासकाका म्हणाले. त्यांनी तो संग्रह अजून स्वतः वाचला नव्हता. ही त्यांची चूक.

रविवारी मनाली वाचायला उभी राहिली. सुरुवातीला मुलांची चुळबुळ चालली होती. गावाहून फोन आला तिथे चुळबुळ थांबली. वाचून संपलं. कोणी मान हलवली नाही.

जया उठून उभी राहिली. ती रडत नव्हती.

"धोंडूने तिला सांगितलं हे?"

"कोणाला, जया?" शिवदासकाका म्हणाले.

"त्या लिहिणारीला. आम्हाला दोन वर्षं सांगतोय, मी लावलं होतं, मी लावलं होतं. आणि तिला जाऊन सगळं सांगितलं?"

"अगं जया, ती कथा आहे. रचलेली असते."

"रचलेली कशी? तो 'मी' म्हणतोय ना? चप्पल कुठनं आली मग?"

काकांनी तोंड उघडलं, पण तोपर्यंत हर्षद उठला होता. हर्षद सोसायटीचा सेक्रेटरी, चाळिशीतला, अंगापेक्षा आवाज मोठा. "चला रे मागे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला विचारू या, कोणाकोणाला मुलाखती दिल्या ते."

पुढे पंपाच्या खोलीपाशी जे झालं ते मनालीने वरच्या जिन्यातून पाहिलं. सगळं सांगत नाही. धोंडूकाकांचा चष्मा खाली पडला आणि त्यावर कोणाचा तरी पाय पडला, एवढं सांगतो. ते परत परत म्हणत होते, "खयची बाई? मी नाय ओळखत कोणाक. माका वाचूक पण येना नाय रे." हर्षदने त्यांच्या गळ्यातली टाकीची किल्ली काढून घेतली. पुढच्या रविवारपर्यंत खोली रिकामी करायची, असं ठरलं. कोणी ठरवलं? सगळ्यांनीच. एकेकट्याला विचारलं असतं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

त्या रात्री जया जेवली. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मनालीला ते बघवेना.

"आई, ती गोष्ट होती गं."

"वाढ मला अजून," आई म्हणाली.

आठवडाभर इमारतीने धोंडूकाकांशी बोलणं टाकलं. त्यांची बायको रत्नप्रभाकाकू नळावर गेली की बायका हंडे बाजूला ओढून घेत. मनाली तिच्यापुढे जाऊन उभी राहिली तर ती म्हणाली, "चांगला वाचलंस हा गो. आमच्या पोटावर पाय दिलंस," आणि आत निघून गेली.

पण सगळ्यात वाईट गोष्ट नळावर घडली नाही, पंपाजवळही नाही. ती धोंडूकाकांच्या डोक्यात घडत होती. बुधवारी मनाली त्यांच्याशी बोलायला गेली, तेव्हा ते दारात बसून हाताच्या तळव्यांकडे बघत होते.

"चेडवा," ते म्हणाले, "त्या पुस्तकात काय लिवला हा, माका परत सांग."

तिने सांगितलं. फोन, गेट, चप्पल. ते ऐकत राहिले.

"दोन वर्सा मी सांगतंय, झाकण लावलंय. तेवा डोळ्यांसमोर लावलेला झाकण दिसायचा. आता डोळे मिटले की उघडाच दिसता. फोनची घंटी पण आयकाक येता." ते हसायला गेले. "त्या दिवशी माझ्याकडे फोन होतो काय नाय, ताच आठवना नाय. माझ्याच हातसून झाला असात गो."

मनाली धावत शिवदासकाकांकडे गेली. "काका, ते आता स्वतःच सगळ्यांना हो म्हणायला लागलेत. आपण त्या बाईंकडे जायचं. त्या जिवंत आहेत ना? मग त्यांना विचारता येईल."

काकांनी प्रकाशकाकडून नंबर मिळवला आणि शनिवारी दोघं बसने निघाली. आरेची झाडी आली तशी काका बाहेर बघत म्हणाले, "मी आधी वाचायला हवं होतं." कुठल्या शब्दांत विचारायचं, ते मनाली मनात जुळवत होती.

श्रुतिका नेवरेकर दोन खोल्यांच्या घरात राहत होत्या. बँकेत नोकरी, शनिवारची सुट्टी, ओट्यावर अर्धी चिरलेली भेंडी. मनालीने एका दमात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या खुर्चीवर बसल्या, आणि सुरी हातातच राहिली.

"मी नाहूरला कधी उतरलेही नाहीये गं," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"पेपरात दोन ओळी होत्या. कुठल्या उपनगरातल्या तेही आठवत नाही. अशा बातम्या किती तरी येतात. बाकी सगळं मनाने लिहिलं. फोन, गाव, गेट."

"आणि चप्पल?"

"मूल पाण्यात पडलं की चप्पल वर येते. बहुतेक वेळा येतेच."

मनाली म्हणाली, "तो 'मी' कोण मग?"

"कोणी नाही. मीच. त्याच्या जागी जाऊन बसले आणि विचार केला, असं माझ्या हातून झालं असतं तर? झाकण कोणी उघडं टाकलं हे मला माहीत नाही, मनाली. मला कसं माहीत असणार?"

"हे तुम्ही येऊन सांगा ना."

"येईन. पण ते म्हणतील, धोंडूनेच हिला आणलं." तरी त्यांनी शिवदासकाकांकडून नंबर घेऊन लगेच हर्षदला फोन लावला. पलीकडचा आवाज मनालीलाही ऐकू येत होता. "मॅडम, तुम्ही तुमचं पुस्तक खपवा. आमचं पोरगं गेलंय. आणि म्हातारा आता स्वतः कबूल झालाय, बोला!"

श्रुतिकाताईंनी फोन खाली ठेवला. त्यांचा चेहरा फोटोतल्यापेक्षा खूप थकलेला दिसत होता. "लिहिताना मला कधी वाटलंच नाही," त्या म्हणाल्या, "की कोणी खरोखर त्या झाकणाशेजारी राहतं."

परतीच्या बसमध्ये मनालीने काकांकडून दोन कोरे कागद मागून घेतले. मांडीवर दप्तर ठेवून ती लिहीत होती. बस खड्ड्यात आदळली की अक्षर वाकडं जायचं. काकांनी डोकावलं नाही. विचारलंही नाही. एकदा चूक झाल्यावर आता विचारायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं.

रविवार आला. विहार गच्च भरलं होतं. धोंडूकाका अर्थातच नव्हते. ते पंपाच्या खोलीत सामान बांधत होते. वंदना झाली. वाचायची पाळी दुसऱ्या मुलाची होती, पण मनाली पुढे जाऊन उभी राहिली आणि हातातल्या कागदावरून वाचू लागली.

"मी त्या दिवशी अंगणात होते. आकाशचा बॉल टाकीजवळ गेला होता. मला वाटलं आत पडला. मी दोन्ही हातांनी झाकण सरकवलं. ते खूप जड होतं. बॉल आत नव्हता. तेवढ्यात मैत्रिणीने हाक मारली, म्हणून मी झाकण तसंच टाकून गेले. परत आले तेव्हा पाण्यावर चप्पल तरंगत होती. मी कोणाला सांगितलं नाही. सगळे धोंडूकाकांना विचारत होते, मी गप्प बसले."

पुढच्या रांगेतल्या एका आजीने तोंडाला पदर लावला. "अगं बाई," कोणी तरी म्हणालं. हर्षद अर्धवट उठला आणि तसाच राहिला. शिवदासकाकांचा चेहरा पांढरा पडला. मागून कुजबुज पुढे सरकत आली, ही? ही होती?

आणि तेवढ्यात जया ओरडली.

"खोटं! खोटं वाचतेय ती! ती शाळेत होती!" ती माणसांतून वाट काढत पुढे आली. "मनाली, काय बोलतेयस? तू शाळेत होतीस गं त्या दिवशी! कार्टे, कोणी लिहून दिलं तुला हे?"

"मीच लिहिलं, आई."

"तू शाळेत होतीस!"

"हो. शाळेत होते." मनालीने कागद खाली केला. "मी अंगणात नव्हते. झाकण मी उघडलं नाही. पण मी 'मी' म्हटलं आणि तुम्हाला सगळ्यांना खरं वाटलं. त्या बाईंनीही तसंच लिहिलंय. कुठून तरी, मनाने. धोंडूकाकांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं."

हर्षद खाली बसला, मग पुन्हा उठला. "ते ठीक आहे," तो म्हणाला, पण आवाज निम्माच निघाला. "म्हातारा स्वतः हो म्हणाला, त्याचं काय?"

जया तशीच उभी होती. दोन वर्षं जे ओझं ती एकटी वाहत होती, ते आठवडाभर तिने दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. आता तिच्या मुलीने ते सगळ्यांसमोर तिथून उचललं. ती मनालीकडे अशी बघत होती, जशी आजवर कधीच बघितली नव्हती. मग वळली आणि चपला न घालताच जिना चढून गेली. वरच्या कडीचा आवाज खालपर्यंत आला.

मनालीला आईच्या मागे धावत जावंसं वाटलं. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत ती गेलीही. मग थांबली, आणि मागच्या बाजूला वळली.

या वेळी तिने झाकणाला वळसा घातला नाही. पलीकडे लवकर पोचायचं होतं. पंपाच्या खोलीत धोंडूकाका वळकटीला दोरी आवळत होते. रत्नप्रभाकाकू रिक्षा आणायला गेली होती.

"काका, जाऊ नका."

"जावक व्हया गो. झाला ता झाला." त्यांनी मान वर केली नाही. "माझ्याच हातसून झाला."

"ते पुस्तकातलं आहे. तुमचं नाही."

"आता कसा कळतला, माझा खयचा नि पुस्तकातला खयचा?"

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. काकांनी वळकटी उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात मनाली त्या वळकटीवर जाऊन बसली. मांडी घालून, घट्ट.

"त्या दिवशी सकाळी उठलात," ती म्हणाली. "चहा घेतलात का? काकूने दिला की तुम्ही केलात? तिथून सांगा. माझं नको, त्या बाईंचं नको. तुम्हाला आठवेल तेवढंच, आणि आठवणार नाही तिथे, आठवत नाही म्हणा."

हॉर्न पुन्हा वाजला. रत्नप्रभाकाकूची हाक आली. मनाली वळकटीवरून उठली नाही.